हॅलोविनला आमच्या घरात जागा नाही

५ ऑक्टोबर, रविवार

आजपासून रोजनिशी. या महिन्यात माझ्या हातून जे घडणार आहे त्याची कुठेतरी नोंद हवी.

चर्चमध्ये उपासना संपल्यावर पाळकसाहेबांनी विषय काढला. एकतीस तारखेला आपल्या मुलांचं काय करायचं? शाळेत हॅलोविन, मॉलमध्ये हॅलोविन, सोसायटीत हॅलोविन. आपल्या मुलांनी भुतांचे मुखवटे घालून फिरायचं का? सगळे चपलांकडे बघत बसले. मी उभा राहिलो. म्हणजे मागच्या बाकावरून कमलबाईंनी ढोसलं. पण उभा मीच राहिलो ना.

म्हणालो, जबाबदारी माझी. टाळ्या!

ठरलं ते असं: त्या दिवशी चर्चच्या हॉलमध्ये 'उजेडाची संध्याकाळ'. मुलं शास्त्रातल्या, म्हणजे बायबलातल्या, माणसांचे पोशाख घालतील. एक छोटं नाटुकलं. सगळ्या ट्यूबलाइट चालू. शिवाय मी निदर्शनास आणलं की एकतीस ऑक्टोबर हा आपला सुधारणा दिन असतो, प्रोटेस्टंट पंथाची सुरुवात झाली तो दिवस. पाळकसाहेब म्हणाले, ठाऊक आहे मला.

ख्रिस्ती माणूस भुताला भीत नाही. मी तर नाहीच नाही. मी मॉलमध्ये सेफ्टी ऑफिसर आहे. धोका इतरांच्या आधी ओळखणं हा माझा धंदा. लोक त्याला वेगळं नाव देतात.

घरी येऊन प्रेमाला सांगितलं. ती स्टाफ नर्स आहे, रोज मरणाशी गाठ. ती हसली. बराच वेळ हसली. का ते कळलं नाही.

८ ऑक्टोबर

आमची अक्षता आज एका पायावर उड्या मारत घरात आली.

इथे नोंद करायला हवी: जूनमध्ये आम्ही मुलुंडहून दहिसरला आलो. नवा टॉवर, सी विंग, चौथा मजला. फ्लॅट झकास. पण नऊ वर्षांच्या अक्षताला इथे अजून एकही मैत्रीण नाही. रोज संध्याकाळी खाली जाते, बाकावर बसते, इतरांचा खेळ बघते, वर येते. विचारलं तर सांगते, मजा आली.

तर आज दुसऱ्या मजल्यावरच्या मानसीने तिला पहिल्यांदा नाव विचारलं. आणि म्हणाली, हॅलोविन पार्टीला ये. पार्किंगमध्ये भूतबंगला करणार आहेत.

मी शांतपणे, ठामपणे सांगितलं की बाळा, आपल्यात हॅलोविन करत नाहीत.

उड्या थांबल्या. मग आपल्यात काय करतात, असं तिने विचारलं. मी उजेडाची संध्याकाळ समजावून सांगितली. तिने विचारलं, तिथे मानसी येईल का? म्हणालो, कशी येईल, ते आपलं आहे.

जेवली नाही धड. भाजी दोडक्याची होती, त्यामुळेही असेल.

१२ ऑक्टोबर, रविवार

सेक्रेटरी परुळेकरांना भेटून निषेध नोंदवायचा, असा निश्चय करून खाली गेलो. मुद्दे पाठ केले होते. मुलांच्या कोवळ्या मनावर परिणाम. विजेच्या वायरी. अंधार.

परुळेकर म्हणाले, अहो साळवे, बरं झालं आलात! तुम्ही सेफ्टीवाले ना? मग भूतबंगल्याचं फायर सेफ्टी तुम्हीच बघा. आत जाऊन चेक करा आणि ओके द्या, नाहीतर कमिटीतले म्हातारे माझ्या डोक्यावर बसतील.

मी विचार केला. शत्रूच्या गोटात शिरायची अशी संधी पुन्हा येत नाही. हो म्हणालो.

प्रेमाला ही चाल कळली नाही. तिचं म्हणणं, गेला होतास थांबवायला आणि आलास नोकरी घेऊन.

१५ ऑक्टोबर

नाटुकल्याचा विषय पक्का केला. विचार करूनच केला.

योना नको, मासा फार मोठा. गल्याथ नको, शेवटी मुंडकं उडतं. दानीएल नको, सिंह. मुलांना उगाच भीती.

बेथानीचा लाजर! निर्धोक. आजारी माणूस, दोन बहिणी, थोडी रडारड, आणि शेवट गोड. पाळकसाहेबांनी विचारलं, नक्की ना सुबोध? मी म्हणालो, साहेब, शास्त्रातलं आहे, भीतीचा प्रश्नच येत नाही.

लाजर म्हणून अक्षताला घेतलं. निवेदक मी. कमलबाई फ्रिजचा रिकामा खोका देणार, त्याची कबर. प्रभूने हाक मारली की लाजर त्यातून जिवंत बाहेर येणार.

अक्षताने विचारलं, पप्पा, लाजर मेलेला असतो ना? म्हणालो, हो, पण तात्पुरता.

२२ ऑक्टोबर, पाडवा

सगळ्या मजल्यांवरून फराळाची ताटं आली. चकल्या उत्तम. नाताळला आपल्याकडून केक आणि करंज्या, हे प्रेमाने आत्ताच जाहीर केलं.

मात्र तळमजल्यावर लिफ्टच्या बाजूला, आकाशकंदिलाच्या शेजारीच, कोणीतरी सांगाडा टांगलाय. माणसाएवढा. कोणी जवळून गेलं की त्याचे डोळे लाल होतात आणि तो हसतो. सेन्सर आहे, साधं तंत्र आहे. मला पहिल्यांदा ते माहीत नव्हतं, इतकंच. हातातली दुधाची पिशवी पडली. पिशव्या हल्ली फार पातळ येतात.

आजपासून जिन्याने. कोलेस्टेरॉलसाठी. डॉक्टर केव्हापासून सांगत होते.

संध्याकाळी: जिन्यात पहिल्या आणि दुसऱ्या मजल्यामधला दिवा गेलाय. तिथून जाताना मी मोठ्याने गीत म्हणतो. भक्ती. समोरच्या सपनाताईंनी प्रेमाला हळूच विचारलं, तुमच्यात कोणी वारलं का?

२४ ऑक्टोबर

भूतबंगल्याची तपासणी.

पार्किंगचा मागचा कोपरा काळ्या कापडाने बंद केलाय. आत अजून काही नाही, असं वॉचमन धाकूमामा म्हणाला. त्याने पडदा बाजूला करून धरला. आत नुसता काळोख. कुठूनतरी थंड वारा आला. पार्किंगमध्ये वारा येतो कुठून?

मी रॅम्पवरून टॉर्च मारला. अनुभवी माणसाला आत जावं लागत नाही, हवेवरून अंदाज येतो. दोन बादल्या वाळू ठेवायला सांगून ओके दिला. आतून एकदा नीट बघायचं, वाटा समजून घ्यायच्या. सोमवारी. किंवा मंगळवारी, उजेडात.

धाकूमामा म्हणाला, साहेब, तुमका घाम इलो. म्हणालो, ऑक्टोबर हीट.

२६ ऑक्टोबर, रविवार

तालीम. पोशाखाशिवाय. अप्रतिम झाली. मी निवेदन करताना दोघींच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यातल्या एका बाईंना सर्दी होती.

अक्षता खोक्यात निजली, हाक मारल्यावर बाहेर आली. नेहमीच्या फ्रॉकमध्ये, केसांना लाल रिबिनी. काय घाबरायचं त्यात? घरी येताना म्हणाली, आत बरं वाटतं पप्पा, पण एकटीला कंटाळा येतो.

मग मूळ पदावर आली. कार्यक्रम साडेसहाला संपतो, पार्टी सातला आहे. मग जाऊ ना? मानसीने परत विचारलंय. आता नाही गेले तर ती पुन्हा विचारणार नाही.

मी म्हणालो, नाही म्हणजे नाही.

ती आत गेल्यावर प्रेमा बोलली. अरे, जूनपासून ती पोरगी त्या बाकावर बसतेय. तू बघतोस तरी का?

बघतो. रोज खिडकीतून बघतो. मुलं लपाछपी खेळतात, ही कोणी न सांगता डोळे मिटून बाकावर बसते आणि मनातल्या मनात आकडे मोजते. तिला कोणी शोधायला सांगितलेलं नसतं. बघून माझ्या पोटात गोळा येतो. हा गोळा भुताचा नाही. भुताचा वेगळा असतो.

पण तत्त्व ते तत्त्व.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

भूतबंगला आतून बघायला गेलो होतो. आतून कोणीतरी विव्हळल्याचा आवाज आला. धाकूमामा म्हणे, स्पीकर टेस्टिंग. आवाजाची पातळी योग्य वाटली. परत आलो.

३० ऑक्टोबर

लाजरच्या कफनासाठी प्रेमाने जुन्या पांढऱ्या चादरीच्या पट्ट्या फाडल्या. ड्रेसिंगचा हात असल्याने तिने अक्षताला पायापासून कपाळापर्यंत अशी गुंडाळली म्हणे की सपनाताई बघतच राहिल्या. मी मुद्दाम खोलीत गेलो नाही. उद्याची मजा कशाला घालवा?

दाराआडून अक्षताने हाक मारली, पप्पा बघ ना. मी म्हणालो, उद्या, उद्या.

३१ ऑक्टोबर, सकाळ

सज्ज. शर्टाला इस्त्री. निवेदन तोंडपाठ. प्रेमाची दुपारची ड्यूटी, त्यामुळे अक्षता आज पूर्णपणे माझ्या जबाबदारीवर. प्रेमाने निघताना दोनदा सांगितलं, तिला एकटी सोडू नकोस. मी म्हणालो, सेफ्टी ऑफिसरला सांगतेस?

आज साऱ्या मंडळीला कळेल की ख्रिस्ती कुटुंबाने या असल्या दिवसाला कसं सामोरं जायचं असतं.

१ नोव्हेंबर, सकाळ

काल लिहिता आलं नाही. पेन नीट चालत नव्हतं. हातात.

जे घडलं ते क्रमाने.

हॉल भरलेला. सगळ्या ट्यूब चालू. मी निवेदन करत करत शेवटाला आलो. कबरीकडे हात केला. हाक मारणाऱ्या मुलाने हाक मारली. खोक्याचं झाकण हललं. आधी एक हात आला. पांढरा, गुंडाळलेला. मग डोकं. त्याला तोंड नव्हतं. मग ते सगळं उभं राहिलं आणि हात पुढे करून माझ्याकडेच यायला लागलं.

मला ठाऊक होतं ती अक्षता आहे. पायांना ठाऊक नव्हतं.

हॉलला आणीबाणीचं दार आहे. त्याचा वापर झाला. ओरडण्याबद्दल जे बोललं जातंय ते वाढवून आहे. मी पाणी आणायला बाहेर गेलो होतो. थेट रिक्षा स्टँडपर्यंत गेलो, तिथे पाणी मिळत नाही हे मला माहीत नव्हतं.

तिथे उभं राहून श्वास घेतला. मग एकदम आठवलं की मी तिला तिथे सोडून आलोय. माझी पोर हात पुढे करून माझ्याकडे येत होती आणि मी पळालो. असं वाटलं की जमिनीत जावं.

परत गेलो तर नाटुकलं संपून बटाटेवडे चालले होते. पाळकसाहेब म्हणाले, तुम्ही दिसला नाहीत म्हणून कमलबाई अक्षताला रिक्षाने घरी घेऊन गेल्या. मी वडा न खाता निघालो.

घराला कुलूप. कमलबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, अहो, बिल्डिंगच्या गेटवर सोडलं, ती म्हणाली पप्पा येतीलच मागून. प्रेमा फोन उचलेना. सपनाताईंचं दार ठोकलं. त्या म्हणाल्या, मघाशी पार्किंगकडे जाताना दिसली की!

पार्किंग. गाड्या रॅम्पवरून कशाही येतात. तिचे डोळे पट्ट्यांनी अर्धे झाकलेले. मी जिन्याने खाली धावलो, गीत न म्हणता, आणि दिवा गेलेल्या ठिकाणी थांबलोही नाही. हे मुद्दाम लिहून ठेवतोय.

भूतबंगल्याच्या तोंडाशी कवटीचा मुखवटा घातलेला कोणीतरी उभा होता. मी मागे सरलो. तो म्हणाला, साळवेसाहेब, लायनीतून या. धाकूमामा. मी त्याला ढकलून आत घुसलो.

आत काळोख. आठवडाभर आधी आतून तपासणी केली असती तर वाटा कळल्या असत्या, असं कोणी म्हणेल. तोंडावर कसलीतरी जाळी आली. पडद्यातून हात आले आणि त्यांनी माझा शर्ट धरला. मी अक्षता, अक्षता करून बोंबलत होतो, आणि देवबापाला आजवर कधी मारली नव्हती अशी हाक मारत होतो. पण या खेपेला पाय पुढेच चालले होते. का, ते त्यांनाच माहीत.

आणि कोपऱ्यात ती दिसली. पांढरी, गुंडाळलेली, हात पुढे. मी झडप घातली, उचलली, आणि जी धूम ठोकली ती चौथ्या मजल्यावर आमच्या दाराशीच थांबलो. छातीशी घट्ट धरून म्हणालो, घाबरू नकोस, पप्पा आला, पप्पा आता कुठे जाणार नाही. रडलोही थोडा.

मग दिव्याखाली तोंडावरच्या पट्ट्या सोडवल्या.

परुळेकरांचा मिथुन.

बँडेजचं भूत झालेला तो म्हणाला, काका, लय भारी! परत एकदा करा ना.

जिन्यातून परुळेकर आले. माझ्या पोराला उचलून नेलं असं ओरडत. बनियनवर. त्यांच्यामागे अर्धी सोसायटी, काही चेटकिणी, एक दाढीवाला राक्षस. परुळेकर धापा टाकत म्हणाले, साळवे, वेड लागलंय का तुम्हाला? सगळ्यात मागून अक्षता आली. हातात चिप्सचं पाकीट, बाजूला मानसी. अक्षता भूतबंगल्यात गेलीच नव्हती. धाकूमामाच्या टेबलापाशी बसली होती, कारण मी नाही म्हणजे नाही म्हणालो होतो. पप्पांना विचारल्याशिवाय आत जाणार नाही, असं तिने सगळ्यांना सांगितलं होतं. मी तिच्या बाजूनेच आत गेलो आणि तिच्या बाजूनेच मिथुनला घेऊन बाहेर पडलो. दोन्ही वेळा तिने हाक मारली म्हणे.

जीव भांड्यात पडला. तोंड मात्र कुठे लपवावं कळेना.

२ नोव्हेंबर, रविवार

चर्चला जायचं नाही असं ठरवलं होतं. ताप आल्यासारखं वाटत होतं. प्रेमाने थर्मामीटर लावला. गेलो.

सगळे गोड बोलले, ते जास्त लागलं. पाळकसाहेबांनी बाजूला घेतलं. आता समितीतून काढणार, असं वाटलं. ते म्हणाले, सुबोध, तो लाजर खरोखर बाहेर आला तेव्हाही तिथले काही जण पळालेच असणार. लिहून ठेवलेलं नाही इतकंच. मी म्हणालो, साहेब, मी पाणी आणायला गेलो होतो. ते म्हणाले, हो हो.

घरी आल्यावर अक्षताने सांगितलं, परवा तिला पोशाखाचं बक्षीस मिळालं. परीक्षकांनी विचारलं, तू कुठलं भूत? ती म्हणाली, मी भूत नाहीच, मी लाजर. मेला होता, मग त्याच्या मित्राने त्याला हाक मारली आणि तो बाहेर आला. मानसीला ही गोष्ट फार आवडली. पुढे काय झालं, विचारत होती. अक्षताने सांगितलं, मग सगळे जेवले.

मी महिनाभर तयारी करून जे सांगणार होतो ते हिने चिप्स खात खात सांगितलं. अर्थात बीज माझं.

न विचारता खाली थांबल्याबद्दल तिला रागवायचं होतं. जमलं नाही. मीच आधी सॉरी म्हणालो, पाणी आणायला गेल्याबद्दल. ती म्हणाली, इट्स ओके पप्पा.

५ नोव्हेंबर

नवीनच प्रकार. काल संध्याकाळी बेल वाजली. दार उघडलं तर मिथुन, मानसी आणि आणखी तिघं-चौघं, चादरी डोक्यावर घेऊन, भॉ! माझ्या हातातला चहा परुळेकरांच्या मिथुनवर. नशीब, कोमट होता. मुलं हसून हसून जमिनीवर लोळली. मग अक्षताला घेऊन खेळायला गेली.

आज परत. आज दबा धरून बुटांच्या रॅकमागे होती. मला दिसलंच नाही. हॅलोविन संपलं, असं परुळेकरांना सांगायला गेलो. ते म्हणाले, साळवे, पोरं मोबाइल सोडून तुमच्या दाराशी येतात, कशाला थांबवता?

उद्यापासून दार उघडायचं नाही. निश्चय.

६ नोव्हेंबर

उघडलं. अक्षता मोजे घालून पाच वाजल्यापासून दाराशी उभी होती. कसं नाही उघडणार?

९ नोव्हेंबर, रविवार

या विषयाचा आता शांतपणे समारोप करतो.

आज खिडकीतून बघितलं. बाक रिकामा. अक्षता डोळे मिटून भिंतीशी उभी होती, मोठ्याने आकडे म्हणत होती, आणि बाकीचे लपायला धावत होते. बराच वेळ बघत राहिलो.

तेव्हा निष्कर्ष असा. मी मुद्दाम घाबरतो. मुलांना आनंद मिळावा, अक्षताला सोबत मिळावी, म्हणून जाणूनबुजून दचकतो, ओरडतो, कधी कधी कोचाच्या मागे जातो. हा त्याग आहे. बाहेरच्यांना तो दिसत नाही.

प्रेमाला हे सांगितलं. ती म्हणाली, बरं बाबा, आणि उशी घेऊन आत गेली. उशीत तोंड घालून हसल्याचा आवाज आला.

रात्री जेवताना अक्षताने सांगितलं की मानसीने आज तिला विचारलं, तुझे पप्पा खरेच घाबरतात की नाटक करतात? मी विचारलं, मग तू काय म्हणालीस? ती म्हणाली, मी सांगितलं नाटक करतात, मला हसवायला. मग माझ्या ताटातली पोळी सारखी करत, अगदी हळू आवाजात, म्हणाली, तुला कोणी विचारलं तर तू पण तेच सांग हं पप्पा. आपलं दोघांचं एकच असू दे.

बरं म्हणालो.

वरचं ते मुद्दाम घाबरतो वालं वाक्य खोडायला घेतलं होतं. राहू देतो. तिने सांगितलंय.